स्वतःची छोटी भाषा बनवणारं साधन शिकावं का?

आजचा लेख दोन प्रकारच्या मंडळींसाठी आहे. एक म्हणजे आपले तंत्रस्नेही शिक्षक, जे निकालपत्रकापासून पोषण आहारापर्यंत सगळ्याचं एक्सेल शीट स्वतः बनवतात. दुसरे म्हणजे आपल्या हाताखालून शिकून गेलेले आणि आता पुणे-बंगळुरूकडे प्रोग्रामर झालेले विद्यार्थी. दोघांनाही कधी ना कधी हा प्रश्न पडतो. तयार भाषा इतक्या आहेत, जावा आहे, पायथन आहे. मग रॅकेट किंवा एमपीएससारखं साधन, ज्याचं मुख्य काम 'आपल्या कामापुरती नवी भाषा बनवणं' हे आहे, ते शिकण्यात वेळ घालवावा का?

तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या बाईंना हे कुठून सुचलं. पण भाषा थोडी थोडी करून कशी शिकवायची, हेच तर आपलं रोजचं काम आहे. त्यामुळे या विषयात आपल्याला बोलायला जागा आहे असं मला वाटतं.

आधी ही भानगड काय ते बघू. सकाळी मैदानावर मुलं उभी असतात. आपण म्हणतो, "सावधान!", "विश्राम!", "दाहिने मूड!", "कदमताल!", "थम!" दहा-बारा शब्दांची ही पूर्ण भाषा आहे. तिच्यात गोष्ट सांगता येत नाही, भाजी आणता येत नाही, भांडणही करता येत नाही. पण दोनशे मुलं एका वेळी वळवायची असतील तर तिच्याइतकी नेमकी भाषा नाही. "मुलांनो, आता सगळ्यांनी आपापल्या उजव्या हाताला नव्वद अंशांत वळा बरं" असं सांगून बघा, अर्धी रांग डावीकडे जाईल. स्वेटर विणणाऱ्या बायका 'दोन सुलट, दोन उलट' एवढंच सांगतात आणि समोरची बाई पूर्ण पट्टी विणते. अशा कामापुरत्या भाषा माणसं फार पूर्वीपासून करत आली आहेत.

संगणकातही त्या आहेत आणि तुम्ही त्या रोज वापरता. एक्सेलचं सूत्र ही एक कामापुरती भाषा. वेबपानाची एचटीएमएल ही दुसरी. १९७४ मध्ये आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी माहितीच्या तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी 'सीक्वेल' नावाची भाषा मांडली. तीच आजची एसक्यूएल. ज्यांनी प्रोग्रामिंग शिकलेलं नाही अशांनाही ती वापरता यावी, ही त्यांची इच्छा होती. ती किती पुरी झाली हा वेगळा विषय, पण बहुतेक ठिकाणी अशा तक्त्यांशी बोलायला एसक्यूएलच वापरतात.

१९९४ मध्ये मार्टिन वॉर्ड यांनी या पद्धतीला 'लँग्वेज ओरिएंटेड प्रोग्रामिंग' हे नाव दिलं. म्हणजे काय, तर मोठं काम थेट जावामध्ये लिहीत बसण्याऐवजी आधी त्या कामाला शोभेल अशी छोटी भाषा बनवा आणि मग काम त्या भाषेत लिहा. २००४ मध्ये जेटब्रेन्स कंपनीचे सेर्गेई दिमित्रिएव्ह यांनी यावर एक लेख लिहिला. त्यांच्या कंपनीचं एमपीएस हे साधन याच विचारातून आलेलं. रॅकेटचा वंश वेगळा आहे. त्याच्याकडे थोड्या वेळाने येते.

आपल्या क्षेत्राशी जवळचं उदाहरण लोगोचं. डी.एड.ला आपण सगळ्यांनी पियाजे वाचलाय. मूर्त क्रियात्मक अवस्था, अमूर्त क्रियात्मक अवस्था, परीक्षेपुरतं पाठ केलं आणि सोडलं. त्याच पियाजेबरोबर जिनिव्हात काही वर्षं काम केलेला सेमूर पॅपर्ट नावाचा गणितज्ञ पुढे अमेरिकेत गेला आणि १९६७ मध्ये वॉली फॉयरझाइग, सिंथिया सॉलोमन यांच्यासोबत त्याने मुलांसाठी लोगो ही भाषा तयार केली. प्रसिद्ध कासव थोडं नंतर आलं. कासवाला 'फॉरवर्ड १००' म्हटलं की ते पुढे जातं, 'राइट ९०' म्हटलं की वळतं. हेच चारदा करायला सांगितलं की चौरस होतो.

खरी गंमत पुढे आहे. लोगोत 'टू स्क्वेअर' असं लिहून खाली त्या चार पायऱ्या लिहिल्या की 'स्क्वेअर' हा नवा शब्द कासवाला कळायला लागतो. मग तो शब्द वापरून 'खिडकी', खिडकी वापरून 'घर', घर वापरून 'गाव'. मूल कासवाला नुसतं चालवत नाही, त्याला शब्द शिकवतं. दिवसभर मोठ्यांकडून शब्द शिकणाऱ्या मुलाला इथे शिकवणाऱ्याच्या खुर्चीत बसायला मिळतं. स्क्रॅचमध्येही 'माय ब्लॉक्स' आहे, पण आपल्याकडच्या बहुतेक कार्यशाळांमध्ये मांजर नाचवण्यापलीकडे कोणी जात नाही, आणि ते 'माय ब्लॉक्स'चं बटण तसंच राहून जातं. याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण ते पुन्हा कधीतरी.

आता मूळ प्रश्नाकडे. माझी या विषयाशी गाठ पडली ती पोषण आहारामुळे.

तुम्हाला प्रमाण पाठ असेलच. पहिली ते पाचवीला दर मुलामागे तांदूळ १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम. सहावी ते आठवीला तांदूळ १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम. शिवाय तेल, भाजीपाला. समजा लहान गटात ४३ मुलं हजर आणि मोठ्या गटात २७. तांदूळ झाला ४ किलो ३०० आणि ४ किलो ५०, एकूण ८ किलो ३५० ग्रॅम. डाळ ८६० अधिक ८१०, म्हणजे १ किलो ६७० ग्रॅम. हिशोब चौथीच्या मुलालाही येईल. पण रोज, वर्षभर, प्रत्येक जिन्नसाचा, शिल्लक साठ्यासह करायचा म्हटलं की एक्सेल लागतंच.

आमच्या भागातल्या एका सरांनी फार सुंदर शीट बनवलं होतं. हजेरी टाकली की सगळं आपोआप. आजूबाजूच्या बऱ्याच शाळांनी ते घेतलं. मग सरांची बदली झाली, लांबच्या तालुक्यात. पुढे पाककृती बदलल्या, आठवड्यांचा क्रम बदलला आणि शीट जुन्याच क्रमाने हिशोब करत राहिलं. उघडून बघितलं तर एका घरात 'डी सात गुणिले शून्य दशांश एक, अधिक ई सात गुणिले शून्य दशांश एक पाच' असं काहीतरी. यातलं शून्य दशांश एक म्हणजे तांदूळ का दुसरं काही? बुधवारचं कुठलं? सर फोनवर बिचारे पाठ पढवल्यासारखं सांगायचे, पण त्यांनाही सगळं आठवत नव्हतं. इकडे आमच्या मुख्याध्यापिका, ज्यांना आहाराचा प्रत्येक नियम तोंडपाठ, त्या शीटसमोर बसून म्हणायच्या, "नियम मला माहिती आहे गं, पण तो यात कुठे लिहिलाय तेवढं दाखव."

मित्रांनो, माझ्या मते सगळा विषय या एका वाक्यात आहे. ज्याला नियम माहीत आहे त्याला तो वाचता येत नाही, आणि ज्याला वाचता येतो त्याला नियम माहीत नसतो. साठा आणि नोंद जुळली नाही तर सही मुख्याध्यापिकेची असते, सूत्र लिहिणाऱ्याची नसते.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी रॅकेट उघडलं. ते मोफत आहे, सोबत डॉ. रॅकेट नावाचं लिहायचं पान येतं. रॅकेटचं जुनं नाव पीएलटी स्कीम, २०१० मध्ये ते बदललं. मॅथियास फेलायझेन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९९५ च्या सुमारास हे काम सुरू केलं ते मुळात शिकवण्यासाठी. आणि इथे एक गोष्ट बघून मी अक्षरशः थांबले. नवशिक्या विद्यार्थ्याला ते पूर्ण भाषा देतच नाहीत! आधी 'बिगिनिंग स्टुडंट' नावाची लहान भाषा, मग थोडी मोठी, मग 'इंटरमीडिएट', मग 'ॲडव्हान्स्ड', अशा पायऱ्या. पहिल्या पायरीवरच्या मुलाने चुकून पुढचं काही लिहिलं तर त्याला समजेल अशा शब्दांत संगणक अडवतो.

अहो, हे तर आपलं पहिलीचं पुस्तक! आपण मुळाक्षरं अ, आ, इ, ई अशा क्रमाने शिकवत नाही, गटागटाने शिकवतो. जेवढी अक्षरं झाली तेवढ्यांतूनच होणारे शब्द, त्या शब्दांतूनच होणारी वाक्यं. न शिकवलेलं अक्षर पानावर येऊ द्यायचं नाही. जोडाक्षरं सर्वांत शेवटी. पहिलीच्या मुलाच्या हातात थेट वर्तमानपत्र दिलं तर काय होईल ते आपल्याला माहीत आहे. पण प्रोग्रामिंग शिकवताना सगळीकडे वर्तमानपत्रच देतात आणि मग म्हणतात, मुलाला लॉजिक नाही.

रॅकेटमध्ये फाइलची पहिली ओळ सांगते की खालचा मजकूर कोणत्या भाषेत आहे. ती ओळ बदलली की खाली वेगळी भाषा चालते. रॅकेटचे सगळे मदतलेख 'स्क्रिबल' नावाच्या भाषेत लिहिलेले आहेत, आणि तीही रॅकेटमध्येच बनवलेली. तुम्हालाही तशी भाषा बनवता येते. मी जी बनवली ती अगदीच बाळबोध आहे. तिच्यात एवढंच लिहायचं:

इयत्ता १ ते ५
तांदूळ १०० ग्रॅम
डाळ २० ग्रॅम

इयत्ता ६ ते ८
तांदूळ १५० ग्रॅम
डाळ ३० ग्रॅम

खाली हजेरीची ओळ. बाकी बेरीज, गुणाकार, किलो-ग्रॅमचं रूपांतर सगळं आत दडलेलं. मुख्याध्यापिकांना हे पान दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसून वाचलं आणि म्हणाल्या, "तेल कुठाय?" तेल मी अजून घातलं नव्हतं. पण बघा, त्यांना ते दिसलं! सूत्रांच्या त्या शीटमध्ये एखादा जिन्नस गायब असता तर कुणाला दिसला असता?

यात कष्ट किती, तेही सांगायला हवं, नाहीतर जाहिरात होईल. रॅकेट कंसांचं रान आहे. पहिले आठ-दहा दिवस कंस मोजण्यातच गेले. मग मराठीचे आपले खास प्रश्न. रॅकेटला नावं देवनागरीत दिलेली चालतात, 'तांदूळ' हा शब्द ते आनंदाने घेतं. पण देवनागरीतला १०० त्याला आकडा वाटतच नाही, तेही एक नावच वाटतं. भाषा आपली असल्यामुळे 'हे दहा अंक असे वाच' हे आपणच शिकवायचं, आणि ते शिकवता येतं. त्याहून चमत्कारिक 'दुसऱ्या' हा शब्द. 'दुसऱ्या आठवड्यात' असं एका सहकाऱ्याने मोबाइलवर टाइप करून पाठवलं, मी संगणकावर टाइप केलं. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या दृष्टीने शब्द वेगळे. कारण अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. आणि कोणी कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं दिलं तर संपलंच, आत सगळी इंग्रजी अक्षरं. स्वतःची भाषा बनवायची म्हणजे असं सगळं आपल्याच अंगावर येतं. जावा बनवणाऱ्यांनी जे आपल्यासाठी निस्तरून ठेवलेलं असतं त्याची किंमत तेव्हा कळते.

माझ्या मोठ्या ताईचा मुलगा पुण्यात प्रोग्रामर आहे, विम्याचं सॉफ्टवेअर करणाऱ्या एका कंपनीत. मागच्या गणपतीत घरी आला होता. त्यांच्या टीममध्ये एमपीएस घ्यायचं का अशी चर्चा चालू होती आणि हा विचारात पडला होता. मला म्हणाला, "मावशी, सहा महिने यात घातले तर फुकट नाही ना जाणार? नोकरीच्या जाहिरातीत तर कुठे हे नाव दिसत नाही."

मी विचारलं, "तुमच्याकडे विम्याचे नियम सांगतं कोण?"

"एक मॅडम आहेत. वीस वर्षं त्याच कामात. त्या वर्डमध्ये लिहून देतात, आम्ही जावात उतरवतो."

"त्यांना तुमचं जावा वाचता येतं?"

"छे!"

"मग उतरवताना चुकलं तर कळतं कसं?"

"टेस्टिंगमध्ये कळतं." थोडा थांबून म्हणाला, "नाहीतर ग्राहकाला कळतं."

विम्याचा दावा नाकारला गेलेल्या माणसाला हे 'कळणं' काय पडतं, याचा विचार करा. म्हणून त्याचा प्रश्न मला साधा करिअरचा वाटला नाही. तरीही मी त्याला लगेच 'शीक' म्हटलं नाही.

कारण एमपीएस हे रॅकेटपेक्षा बरंच जड प्रकरण आहे. त्यात तुम्ही साधा मजकूर टाइप करत नाही. आतल्या रचनेलाच हात घालता आणि पडद्यावर तिचं चित्र दिसतं. त्यामुळे कोडच्या मध्येच चक्क तक्ता ठेवता येतो, गणितातला अपूर्णांक जसाच्या तसा दिसतो. विम्याच्या मॅडमना हे आवडेल. पण नेहमीची सवय मोडते. साध्या मजकुराच्या फाइल नसल्यामुळे दोघांनी केलेले बदल एकत्र करायचे तर त्यासाठी त्याचंच साधन लागतं. नवीन माणूस टीममध्ये आला की आधी हे शिकवा, मग काम. भाच्याने त्यावर थोडे दिवस काढले होते. तो म्हणाला की हात बांधून पोहायला सांगितल्यासारखं वाटतं. दुसऱ्या बाजूला, नेदरलँड्सच्या कर खात्याने कराचे नियम लिहायला एमपीएसवरच आधारलेली भाषा उभी केली आहे, ज्यात नियम डच वाक्यांसारखे वाचता येतात. म्हणजे हे खेळणं नाही. पण तिथे नियम सतत बदलतात, नियमांचे जाणकार पगारावर आहेत आणि भाषा सांभाळायला माणसं नेमलेली आहेत. या तीन गोष्टी नसतील तर नुसत्या साधनाने काही होणार नाही.

एका खेळ बनवणाऱ्या कंपनीची गोष्ट मी त्याला सांगितली. नॉटी डॉग नावाची अमेरिकन कंपनी. तिचा एक संस्थापक अँडी गॅव्हिन. त्याने प्लेस्टेशन २ वरच्या 'जॅक अँड डॅक्स्टर' या खेळासाठी गोल नावाची स्वतःची भाषा बनवली आणि २००१ मध्ये तो खेळ बाजारात आला. भाषा खेळासाठीच शिवलेली, त्यामुळे काम झकास झालं. पुढे २००४ मध्ये गॅव्हिन कंपनी सोडून गेला. नंतर प्लेस्टेशन ३ वरच्या खेळांचं मुख्य काम सी प्लस प्लस या सर्वांना येणाऱ्या भाषेत हललं. कारणं एकाहून जास्त असतील, पण आपल्या त्या सरांच्या बदलीची आठवण येते की नाही? आणि तरीही, पुढच्या 'अनचार्टेड' या खेळात प्रसंग आणि माहिती लिहिण्यापुरती एक छोटी भाषा त्यांनी ठेवलीच, तीही रॅकेटच्या जुन्या रूपावर उभी केलेली. सगळा डोलारा स्वतःच्या भाषेत नाही, पण जिथे खरी गरज तिथे आहे. मला हा मधला मार्ग शहाणपणाचा वाटतो.

म्हणून माझं उत्तर असं. शिकण्यासाठी शिकायचं असेल तर रॅकेट घ्या, महिनाभर द्या, एक छोटी भाषा पूर्ण बनवा आणि नोकरीच्या बाजारात त्याची थेट किंमत मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. मिळेल ते वेगळंच. त्यानंतर तुम्ही जावातसुद्धा नावं वेगळी द्याल. 'हे कोड कोण वाचणार?' हा प्रश्न आधी विचाराल. ज्याने एकदा स्वतः व्याकरण बनवलंय त्याला दुसऱ्याची भाषा शिकायला कमी वेळ लागतो, जसं आपल्याला संस्कृत थोडं झाल्यावर मराठीतल्या संधी-समासांचा राग येत नाही. एमपीएस मात्र एकट्याने हौस म्हणून घेऊ नका. टीमने ठरवलं, नियमांचा जाणकार सोबत बसायला तयार असेल, तरच घ्या. आणि विशीत-पंचविशीत असाल, आधी एक नेहमीची भाषा घट्ट झालेली नसेल, तर हे सगळं दोन वर्षांनी. जोडाक्षरं शेवटी, हा नियम इथेही लागू.

आपल्या शिक्षक मित्रांना आणखी एक सांगते. सगळीकडे भाषा बनवायचा मोह होतो, पण बऱ्याच ठिकाणी साधा तक्ता पुरतो. श्रेणीचंच घ्या. ९१ ते १०० अ-१, ८१ ते ९० अ-२, असं खाली २० पर्यंत इ-२. नऊ श्रेण्या. अनेक शीटमध्ये यासाठी एकात एक आठ 'इफ' घातलेले असतात. जुन्या एक्सेलमध्ये असे सातच थर चालायचे, २००७ पासून ६४ चालतात, म्हणून कोणी घाबरत नाही. पण नऊ ओळींचा तक्ता बाजूला मांडा आणि सूत्राला तिथून श्रेणी शोधून आणायला सांगा, म्हणजे इफची माळच नको. तक्ता कोणालाही वाचता येतो, बदलता येतो. आणि नव्या मायक्रोसॉफ्ट ३६५ मधल्या एक्सेलमध्ये 'लॅम्डा' नावाची सोय आहे. तिने सूत्राला स्वतःचं नाव देता येतं, म्हणजे घरात 'श्रेणी' असा शब्द लिहिला की काम झालं. लोगोतल्या मुलाने कासवाला 'स्क्वेअर' शिकवला, तेच हे. ज्यांना रॅकेटचे कंस नको वाटतात त्यांनी इथून सुरुवात केली तरी चालेल. फक्त शाळेच्या जुन्या संगणकावर ही सोय मिळत नाही, हे आधी बघून घ्या.

भाच्याच्या टीमने अजून ठरवलेलं नाही. पण एक काम त्यांनी केलं. एमपीएस, रॅकेट सगळं बाजूला ठेवून त्या मॅडमना कागद-पेन दिलं आणि सांगितलं, पाच नियम तुम्हाला जसे लिहावेसे वाटतात तसे लिहा, आम्ही मध्ये बोलणार नाही. मॅडमनी सरळ तक्ते काढले आणि दोन ठिकाणी 'याखेरीज' हा शब्द वापरला. टीमचा अर्धा दिवस त्या 'याखेरीज'वर गेला, कारण जावामध्ये तो दोघांनी दोन अर्थांनी उतरवला होता. तुम्हीही तुमच्या शाळेत करून बघा. शीट बनवण्याआधी मुख्याध्यापकांकडून, स्वयंपाकाच्या ताईंकडून नियम त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. भाषेचे निम्मे शब्द तिथेच मिळतात.

माझ्या पोषण आहाराच्या भाषेत आता तेल आलंय, भाजीपाला आलाय, आठवड्यांचा क्रम आलाय. नियमांचं पान सव्वा पानाचं झालं आहे. ते छापून साठा नोंदवहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवलंय, आणि शेजारच्या वर्गाच्या सरांना रॅकेटचे कंस मोजायला बसवलंय. माझं बदलीपात्र वर्ष पुढच्या वर्षी आहे.